बसलेल्यांची मोजणी

सोमवार, ४ तारीख
आले एकदाची! वहिनीने मागची खोली दिली आहे. पलंग मऊ, खिडकी रस्त्यावर, उशाशी दिवा. काम तिच्याच ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर. लोकांच्या पाणीबिलांच्या तक्रारी तिथे येतात आणि बहुतेक तिथेच राहतात. मोठी माणसं दिवसातून किती वेळ बसतात ते मी मोजायचं आणि मग त्यांना हलवायचं.

दादा गेल्या वर्षी याच ऑफिसात गेला. डॉक्टर म्हणाले हृदय, मी म्हणते खुर्ची. सकाळी बसला की संध्याकाळीच उठायचा. त्याला किती बोलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. आता वहिनीचेही पाय सुजायला लागलेत. तिला मी तशी जाऊ देणार नाही, एवढं नक्की. जेवताना ती दोनदा म्हणाली की वन्सं, मोजायचं तेवढं मोजा, पण कुणाला उठवायच्या भानगडीत पडू नका. भित्री आहे बिचारी.

मंगळवार, ५
काय ही माणसं! बुडाला डिंक लावून आल्यासारखी बसतात. प्रत्येक खुर्चीच्या गादीखाली मी एक पातळ पट्टी सरकवली. वजन पडलं की माझ्या पडद्यावर त्या खुर्चीचा हिरवा दिवा लागतो. दिवसभर सगळा पडदा हिरवा. हिशेबनीस घरून उशी घेऊन येतात, म्हणून त्यांना मी उशीवाले म्हणते. फाइलवाल्या बाई डबा मांडीवर घेऊनच खातात. हेडक्लार्क पाणी प्यायला उठण्याआधी मान वळवून बाकीचे बसलेत ना हे बघून घेतात, आणि ते परत येईपर्यंत दुसरं कुणी उठत नाही.

संध्याकाळी तर कळस झाला. रात्रीचा वॉचमन वर येऊन स्टुलावर टेकला, तेव्हा कुठे शेवटचा माणूस उठला. सकाळीही तसंच, पहिला माणूस बसला की मग वॉचमन उठतो. बसायच्या पाळ्या लावलेलं ऑफिस मी जन्मात पाहिलं नव्हतं. आळसालासुद्धा काय ती शिस्त!

गुरुवार, ७
कपाटाजवळची एक खुर्ची कायम रिकामी असते, तरी तिचा दिवा हिरवा. पट्टी बदलली. तरी हिरवा. स्वतः बसून बघायला निघाले तर उशीवाल्यांनी माझं मनगट धरलं. म्हणे ती जागा भरलेली आहे. त्यांच्या वयाकडे बघून मागे फिरले. मागून फाइलवाल्या बाई पुटपुटल्या, कानामागून आली आणि तिखट झाली. माझं नावही ठेवलंय त्यांनी, उठाबशाबाई. ठेवा खुशाल.

साहेब वरच्या मजल्यावरून उंटावरून शेळ्या हाकतात, पण सही पटकन करतात. आदेश मिळाला. सोमवारपासून भोंगा. वाजला की सगळ्यांनी एकदम उभं राहायचं, नाहीतर मेमो. वहिनी घरी येऊन रडली. मी तिला म्हटलं, रडायलाही उभी राहा, तेवढाच व्यायाम.

सोमवार, ११, ऑफिसात
भोंगा वाजला. एक हलेल तर शपथ. मग मी तोंड सोडलं. फर्निचर बरं, ते निदान पगार घेत नाही, असं म्हणाले. एकेक करत उठले. वहिनीला तर मी दंडाला धरून उभं केलं. शेवटी खोलीत बसलेलं असं कुणीच राहिलं नाही. पडद्यावरचे सगळे दिवे विझले, कपाटाजवळचासुद्धा. चला, ती पट्टी सुधारली, असं वाटलं.

तेवढ्यात उशीवाले खाली बसले. मागे खुर्ची नव्हती. गुडघे सावकाश वाकले, मान पुढे दबत गेली, जणू कुणी खांद्यावर पोतं ठेवलं. फरशीला टेकले तेव्हा संपले होते. बाकीचे धडाधड आपापल्या जागी बसले. वहिनीने मलाही ओढून बसवलं. अँब्युलन्स बोलवू देत नाहीत. मला वाईट वाटतंय. पण बसून बसून दुसरं काय होणार होतं?

सोमवार, दुपार
साहेबांना फोन केला. सह्या करत बसलेत, सवडीने बघतो म्हणाले. हेडक्लार्क त्यांना आणायला दाराकडे निघाले. आम्ही सगळे बसलेले, ते एकटेच उभे. अर्ध्या वाटेवर त्यांच्या खांद्यांवर शर्ट आत दबला. दोन्हीकडे. कुणी मांड्या टाकून बसावं तसा. मग गुडघे.

मी पाहिलं. या वेळी नीट पाहिलं.

सोमवार, जरा वेळाने
वहिनीने शेजारून हळूच सांगितलं. उभं माणूस दिसलं की ते मानगुटीवर बसतं. ते बसलेलं असेल आणि खोलीत एक जरी माणूस बसलेला राहिला, तर उठत नाही. म्हणून त्या पाळ्या. मी आळस समजले.

गेल्या वर्षी बडे पाहुणे आले म्हणून अख्खं ऑफिस एकदम उठून उभं राहिलं होतं. दोघं गेले, बाकीचे घाबरून खाली बसले. मग दादा उठला. वडीलधाऱ्याला देतो तशी आपली खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "बसा." ते बसलं. आधी दादावर. मग खुर्चीवर. कपाटाजवळ आहे ती त्याची.

त्याला मी आळशी म्हणत होते. वर्षभर. चारचौघांत.

थू माझ्या जिभेवर.

सोमवार, ऊन उतरलंय
फाइलवाल्या बाई पाय घट्ट आवळून रडतायत. कपाटाजवळचा दिवा अजून विझलेलाच. म्हणजे ते उभंय. कुठे, ते—

वहिनी म्हणते माझे पाय तसेही गेलेलेच, मी खुर्ची देते. तिला गप्प केलं. भोंगा माझा. वाजवला मी.

पण उठवत नाही. मांड्या हलत नाहीत भीतीने. मी, उठाबशाबाई.

सोमवार
जिन्यावर पावलं. वॉचमन. शीळ घालत येतोय — उभा येणार. सगळे ओरडलो. शीळ चालूच.

वहिनीने दोन्ही हात टेकले. खुर्ची सरकली तिची. नाही. वहिनी, नाही—

उठले. मी आधी. उभ्यानेच लिहि— वहिनी बसली परत. बसली, तिचा दिवा हिरवा. माझी खुर्ची पुढे केलीय.

मान जड. कुणीतरी—

म्हणायला हवं. एकच तर शब्द. तोंड उघडलंय, पण आवाजच बस—