दादाच्या हातांचं चित्रण

३ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण आज मला फक्त माझ्या रागाबद्दल लिहायचं आहे.

तुला फोनवर ऐकू येत नाही ते एका अर्थी बरंच आहे. बोलले असते तर नुसता आरडाओरडा केला असता, लिहिताना निदान वाक्यं तरी पुरी होतात. तर बातमी अशी, की मी कॅमेरा घेतला. फोटोचा नव्हे, चित्रणाचा. साबणाच्या वडीएवढा आहे, तळहातात मावतो. दुकानदाराने चार-पाच मांडून ठेवले आणि प्रत्येकाचे गुण गायला लागला. मी त्याला एवढंच विचारलं, की माणसाचं बोट जरासं हललं तरी दिसेल ना. त्यावर तो म्हणाला की हा हाय डेफिनिशन आहे, नखाखालचा मळसुद्धा मोजता येईल. तोच घेतला.

कशासाठी, ते आता ऐक. नाटकगृहाच्या पुढच्या तीन रांगांतल्या साठ खुर्च्या दादाच्या कारखान्यात विणून झाल्या, हे तुला मागे लिहिलं होतं. विणल्या कुणी? मी. आठ महिने मागच्या खोलीत, खिडकीपाशी, पाण्याच्या घमेल्यात हात घालून घालून बोटांची सालं निघाली. दादा लाकूड घासायचा, पॉलिश करायचा आणि पुढे गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा मी तिथेच पट्ट्या भिजवत होते. त्याने विचारलं, वेताची वीण कोणाची? दादाने छाती पुढे काढून माझी म्हणून सांगितलं. आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, की ही बहीण, हाताखाली असते.

हाताखाली! चौदा वर्षं, मावशी. त्या दिवशी मी हातातला विणायचा टोच्या तिथेच टाकला आणि निघाले. आता सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एकेक खुर्ची घेऊन बसते. वर्तमानपत्रात छापलेला दादाचा फोटो भिंतीला लावून ठेवला आहे, राग थंड होऊ नये म्हणून.

मी त्याला निरोप धाडलाय, की बाबांची वीण चित्रण करून जपून ठेवायची आहे, तू विणून दाखव. स्वारी एका पायावर तयार झाली. त्याला तिरक्या पट्ट्या कधीच नीट जमल्या नाहीत. त्यात वर्षभर त्याचे हात थरथरतात, हे गावाला माहीत नाही, मला माहीत आहे. आता गावालाही कळेल. इंटरनेटवर टाकणार आहे. एकदाची त्याची जिरवते, मग बघ मी कशी गार झोपते.

लोभ असू दे. रागावलीस तरी असू दे.

तुझी,
झिपरी


११ मार्च

चि. झिपरीस,

अ. उ. आ. पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या बाजूने, दुसऱ्यांदा डोळे पुसून.

साठ खुर्च्यांचं ऐकून माझ्याही डोक्यात तिडीक गेली हो. दादा लहानपणापासून तसाच. तू चित्र काढायचीस आणि पाहुण्यांना दाखवायला हा धावायचा. त्याचे कान मी धरायला हवे होते, ते राहिलं. पण बाई गं, तुझं नाव त्याने खाल्लं म्हणून तू त्याचे हात खाणार का? हात थरथरायला लागले म्हणजे काहीतरी दुखणं असेल. तू डॉक्टरचं नाव काढलं नाहीस, कॅमेऱ्याच्या दुकानदाराचं मात्र अर्धा परिच्छेद.

तुला काय हवंय ते आधी ठरव. कारखान्याच्या पाटीवर नाव हवं असेल तर त्याच्यासमोर उभी राहून माग. त्याची फजिती हवी असेल तर तीही मिळेल, पण मग नाव मिळणार नाही. दोन्ही एका फेरीत होत नसतं.

इकडे सगळं ठीक. गुडघे कुरकुरतात, मी त्यांचंही ऐकत नाही. खालच्या वाचनालयात संगणक आला आहे आणि तिथल्या बाई मला रोज काही ना काही लावून दाखवतात. तेव्हा जे टाकशील ते मला दिसणार, हे लक्षात ठेव.

माझी माया तुझ्यावर आहे तशीच आहे. तिची परीक्षा घेऊ नकोस.

मावशी


२४ मार्च

ती. मावशीस,

सा. न. वि. वि. झालं! टाकलं! आठ दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिलं, मावशी. चाळीस हजार! नाटकगृहात इतकी माणसं दहा वर्षांत बसली नसतील.

गेल्याच्या आधीच्या रविवारी सकाळी कारखान्यात गेले. दादा चक्क भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. मला हसू आलं आणि रागही आला. खुर्चीची चौकट त्याने मांडीवर घेतली, घमेल्यात पट्ट्या भिजत ठेवल्या होत्या. मी अगदी जवळ उभी राहिले. उभ्या पट्ट्या आधीच ओढलेल्या होत्या, आडव्या कशाबशा गेल्या. मग तिरकी आली. एका जोडीच्या वरून, दुसऱ्या जोडीच्या खालून. तुला सांगते, पट्टीचं टोक भोकापाशी असं नाचत होतं की बघवत नव्हतं. पहिली पट्टी मोडली. दुसरी भलत्याच जोडीखालून गेली, ओढायला गेला तर तीही मोडली. कॅमेऱ्याने सगळं टिपलं, नखांसकट. पैसे वसूल.

घरी येऊन मी त्याची कापाकापी केली. आवाज काढून टाकला, कारण रस्त्यावरच्या गाड्यांचा गोंगाट फार होता. त्याऐवजी एक टुणटुण धून लावली, त्यामुळे तर जास्तच मजा आली. माझं नाव कुठेही घातलं नाही. वर एवढंच लिहिलं, की साठ खुर्च्यांचे कारागीर पाहा. खाली लोक काय काय लिहितात! एकाने विचारलं की हा माणूस सकाळीच घेऊन बसतो का. एकाने लिहिलं की नाटकगृहात आता उभं राहूनच नाटक बघू. मी एकटीच खोलीत खो खो हसले.

आणि खरी बातमी पुढेच आहे. नाटकगृहाच्या व्यवस्थापकाने मागच्या रांगांचं काम थांबवलं. दोन गिऱ्हाइकं आपल्या खुर्च्या अर्धवट विणलेल्याच उचलून घेऊन गेली. सायकलवाला पाहून आला, तो सांगत होता की दादाने पुढचं दार निम्मं ओढून घेतलंय. चौदा वर्षांचा वचपा एका साबणाच्या वडीने काढला, म्हणायचं.

तू विचारशील, दादा काय म्हणाला. काही विशेष नाही. नेहमीचंच काहीबाही बोलला.

फार लेक्चर देऊ नकोस, थोडं कौतुकही कर. लोभ वाढत नसेल तर निदान आहे तेवढा टिकव.

तुझी,
झिपरी


२ एप्रिल

चि. झिपरीस,

आशीर्वाद. 

वाचनालयातल्या बाईंनी तुझं चित्रण मोठं करून लावलं. खरंच सांगते, चित्र फार स्वच्छ आहे. दाढीचे खुंट मोजावेत इतकं. बाई हळहळल्या, की तुम्हाला धून ऐकू येत नाही. मी म्हटलं, मला धून नकोच, जरा मागे घ्या आणि पुन्हा लावा. असं त्यांना मी पाच वेळा करायला लावलं.

मी बावीस वर्षं सूतगिरणीत काढली, हे तू साफ विसरलीस. यंत्रं चालू असली की तिथे कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही. आम्ही बायका एकमेकींच्या ओठांवरून बोलायचो. नवरे, सासवा, पोरांची दुखणी, सगळं ओठांवरून. कान गेले ते त्या गिरणीत, पण ही विद्याही तिथेच मिळाली. आणि तू त्याच्या बोटांसाठी एवढा स्वच्छ कॅमेरा आणलास, त्याच्यात त्याचं तोंडही आलं.

दुसरी पट्टी मोडल्यावर त्याने वर पाहिलं. मग तो म्हणाला, की बोटं आता ऐकत नाहीत. डॉक्टर म्हणतात हे वाढत जाणार. साठच्या साठ खुर्च्या तुझ्या आहेत हे मी वर्तमानपत्रात जाऊन सांगतो. पाटीवर तुझं नाव आधी घालतो, माझं नको असेल तर नको. तू परत ये. एवढं सगळं तो बोलला, आणि मध्ये एकदा बाबांचं नाव घेतलं, तेवढं मला ओठांवरून लागलं नाही.

गाड्यांचा गोंगाट म्हणे! झिपरे, तुला हवं होतं ते सगळं त्याने हातात आणून दिलं होतं, आणि तू ते कापून टाकलंस. खोटं माझ्याशीही बोललीस, त्याचं मला फार लागलंय.

एकच गोष्ट कळली नाही. त्याचं बोलून झालं, तो तुझ्याकडे बघत बसला आणि मग एकदम मान खाली घातली. म्हणजे तू काहीतरी उत्तर दिलंस. तू कॅमेऱ्यामागे होतीस, तुझे ओठ मला दिसले नाहीत. त्यानंतर चित्रण संपतं. तू काय म्हणालीस?

ते लिहून कळव. मगच आपलं पुढचं बोलणं.

मावशी


९ एप्रिल

ती. मावशीस,

नमस्कार. साष्टांग लिहायला हात धजत नाही.

हो, तो ते सगळं बोलला. शब्द न् शब्द. बाबांचं तुला लागलं नाही ते असं, तो मला म्हणाला, बाबा असते तर विणीचं त्यांनी आधी तुला विचारलं असतं, मला नाही. मी घरी येऊन ते अकरा वेळा ऐकलं. लोकांनी ते ऐकलं असतं तर एकही माणूस त्याला हसला नसता, म्हणून आवाज काढला. मला त्याची कणव यायला नको होती, मावशी. चौदा वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघितली, ते त्याने हात गेल्यावर उच्चारलं, याचाच मला संताप आला. माझ्या हातांची गरज पडली तेव्हा मी आठवले. तो राग अजून पुरता गेलेला नाही, तुझ्याशी पुन्हा खोटं बोलत नाही.

मी काय म्हणाले ते विचारलंस. मी त्याला म्हणाले, की माझ्याकडे बघू नकोस, खुर्चीकडे बघ, आणि पुन्हा एकदा कर.

बस, एवढंच. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. बोटं कॅमेऱ्यात नीट आली नव्हती म्हणून.

आणि त्याने केलं गं. मुकाट्याने घमेल्यातून तिसरी पट्टी घेतली, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरलं, जीभ दातांत धरली, आणि पट्टी घातली. वरून, खालून, बरोबर भोकात. सुंदर बसली. इतकी सुंदर तिरकी त्याच्या हातून मी जन्मात पाहिली नव्हती. त्याने हसून वर पाहिलं. मी कॅमेरा बंद केला आणि घरी येऊन तो तुकडा कापला.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी कारखान्यात गेले. दार निम्मंच उघडं होतं. वाटलं, ओरडेल, पट्टी अडकवायची खुंटी फेकून मारेल. मला ते चाललं असतं. त्याने स्टूल पुढे सरकवलं. त्याने ते चित्रण पाहिलं होतं, खाली लोकांनी लिहिलेलंही सगळं वाचलं होतं. मग त्याने एकच विचारलं, की तिसऱ्यांदा पट्टी बसली होती ना, मग ती का नाही घातलीस?

 पाटीचं त्याने पुन्हा काढलं नाही आणि मी कोणत्या तोंडाने काढणार?

घरी येऊन मी अख्खं चित्रण टाकलं, न कापता, आवाजासकट. तिसऱ्या पट्टीसकट. आता लोकांना त्याचं सगळं बोलणं ऐकू येतं आणि त्यानंतर माझा आवाज येतो. थंडगार आहे तो, मावशी, मलाच ओळखू आला नाही. शिव्या आता मला पडतात, त्यांचंही म्हणणं बरोबर आहे. जुनं मात्र पुसता येत नाही. लोकांनी ते उतरवून घेतलंय, टुणटुण धुनीसकट फिरतंय.

या वेळी हे चित्रण कुणाचं काम आहे ते खाली स्पष्ट लिहिलं. माझं पूर्ण नाव घातलं. चौदा वर्षांत माझ्या नावाने लोकांसमोर गेलेलं हे माझं पहिलं काम.

लोभ मागत नाही. पत्र तेवढं पाठव.

झिपरी