ओल्या पुठ्ठ्याची चव

शनिवार, १६ सप्टेंबर २००६

शिळी निघाली. पहिल्या घोटातच कळलं.

आज प्रल्हादच्या बेसमेंटमध्ये आमची महिन्याची बिअर चाखायची बैठक. तो, यतीन आणि मी. विषय जपान. मी नोव्ही गावातल्या हायाशीसानच्या जपानी किराणा दुकानातून ‘तानिमिझु’ बिअर घेऊन गेलो होतो. हायाशीसान गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीतून रिटायर झाले, आता तांदूळ, मिसो, मुळे विकतात. मेहुण्याची डोंगरातली छोटी ब्रुअरी आहे, तिची बिअर एका डिस्ट्रिब्युटरला गळ घालून इकडे अमेरिकेत आणवतात. दुकानात फ्रीजशेजारी तेवढा एकच शेल्फ तिचा.

प्रल्हाद प्रोजेक्टवर ओसाकाला राहून आलेला, त्यामुळे पहिला मान त्याचा. “चौऱ्याण्णवला कायदा सैल झाला आणि गरम पाण्याचा झरा असलेल्या प्रत्येक गावाने आपापली बिअर काढली. मी प्यायलोय ना. लोणावळ्याची चिक्की असते तशी. घरी न्यायची म्हणून घ्यायची, चव कोण बघतं?” मी म्हटलं, ते दिवस गेले. चिक्कीवाले बंद पडले. जे उरले ते शिकून उरले.

यतीनचं नेहमीचंच. “यार, आधी जर्मनांची कॉपी, आता ओरेगॉनची. वर थोडं त्यांचं ते युझू लिंबू पिळलं की झालं जपानी. त्यांचं स्वतःचं काय त्यात?”

मी म्हटलं, “बटाटा पोर्तुगीजांनी आणला. बटाटेवडा कुणाचा?”

प्रल्हाद म्हणाला, “लिहून घे यतीन, पुढची दोन वर्षं हे ऐकायचंय.”

मग तानिमिझु उघडली. घोट घेतला, गिळला, आणि मागून आला – ओला पुठ्ठा! जुन्या बिअरची खूण, चुकतच नाही. प्रल्हादला आधी लागला नाही. मी सांगितल्यावर लागला.

मग लेबल पाहिलं. ‘उत्पादन’ ही जपानी अक्षरं मला येतात. पुढे 18.06.05. अमेरिकन पद्धतीने महिना आधी धरला तर अठरावा महिना नसतोच. म्हणजे आपल्यासारखं, दिवस आधी. अठरा जून २००५. सव्वा वर्ष! यतीन म्हणाला, “जपानी लोक साल आधी लिहितात ना?” मी म्हटलं, मग ही २०१८ची. अजून जन्मायचीय. दोघं हसले.

रविवार, १७ सप्टेंबर

इंटरनेटवरच्या आमच्या बिअर फोरमवर तानिमिझुबद्दल लिहिलं, दुकानाच्या नावासकट. तीन वेळा तपासून. ‘किमान वर्षभर जुनी. हे सांगायला मला लेबल बघावं लागत नाही. जपानची नवी बिअर उत्तम आहे म्हणून आपण ओरडायचं आणि दुकानदारांनी जुना माल खपवायचा, हे चालणार नाही.’

तारीख मुद्दाम लिहिली नाही. तारीख कुणीही वाचेल.

मी डिप्लोमावाला माणूस. प्रोग्रामिंग पुस्तकातून शिकलो, जपानी लिपी ॲन आर्बरच्या लायब्ररीतून, बिअर जिभेवरून. कुणी शिकवलं नाही. फोरमवर माझ्या शब्दाला वजन आहे ते उगाच नाही.

बुधवार, २० सप्टेंबर

रिप्लायवर रिप्लाय. तिघांना आता आठवतंय की त्यांनाही पुठ्ठा लागला होता. प्रल्हाद म्हणाला, डाउनटाउनच्या एका रेस्टॉरंटने हायाशीसानकडची ऑर्डर कॅन्सल केली. थोडं वाईट वाटलं. पण खरं ते खरं.

शनिवार, २३ सप्टेंबर

घटस्थापना. प्रल्हाद नऊ दिवस थेंब घेत नाही, त्यामुळे मधेच भेटायचंही नाव नाही. घरातला तांदूळ संपला, शुभाने आणायला सांगितला म्हणून नोव्हीला गेलो. खरं म्हणजे बघायचं होतं, हायाशीसान काय म्हणतात.

शेल्फ रिकामा.

ते आतून आले. वाकले, माझ्यापेक्षा खाली. म्हणाले, “राजाराम-सान, तुमचे आभार मानायचे होते.”

मी तांदळाची पिशवी उचलून गल्ल्यावर ठेवली.

“मी विचार केला. बाटली तीन महिन्यांची. तुम्ही म्हणता वर्षाची चव आहे. म्हणजे वाटेत कुठेतरी कंटेनर उन्हात पडून राहिला असणार. मी रोज एक उघडून पाहिली. मला वेगळं काहीच लागत नाही. छानच लागते.” हसले. “जीभ म्हातारी झाली. अशा माणसाने बिअर विकू नये. सगळी सिंकमध्ये ओतली.”

तीन महिन्यांची? मी “पण लेबलवर तर–” एवढं म्हणालो आणि थांबलो. गल्ल्यामागे भिंतीवर जपानी कॅलेंडर. वर 2006. त्याच्या शेजारी जरा लहान अक्षरात 18.

विचारलं, हे अठरा काय?

“सम्राट गादीवर आल्यापासूनचं वर्ष. आम्ही कागदांवर, बाटल्यांवर तेच लिहितो. तुम्हाला माहीत असेलच.”

अठरा. सहा. पाच. याच वर्षीचा पाच जून.

तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर उभे होते. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. मी काय म्हणालो? “हो, उष्णतेने होतं तसं.”

तांदळाची पिशवी त्यांनी स्वतः गाडीपर्यंत आणून दिली.

घरी आलो. स्वयंपाकघरात फ्रीजच्या बाजूला आमचं मराठी कॅलेंडर. दर वर्षी पुण्याहून मागवतो. सप्टेंबर २००६, खाली शके १९२८. एकाच वर्षाचे दोन आकडे माझ्याच भिंतीवर लटकतायत, रोज चहा करताना दिसतात. आणि मला सुचलं नाही!

रविवार, २४ सप्टेंबर

वरची सोळा तारखेची नोंद पुन्हा वाचली. तिथे मी आधी घोट लिहिलाय, मग लेबल.

खोटं आहे. या वहीत खोटं लिहायची काय गरज होती? बाटली पिशवीतून काढताना आधी लेबल वाचलं. मनात म्हटलं, सव्वा वर्ष, जुना माल सापडला. मग उघडली. पुठ्ठा त्यानंतर आला.

गुरुवार, २८ सप्टेंबर

हायाशीसानचा फोन, ऑफिसात. नोव्हेंबरात पुढचा माल येतोय. मेहुणा नाराज आहे, पण ऐकलं त्याने. म्हणाले, “त्याला सांगितलं, आता इथे चाखणारा माणूस मी नाही, राजाराम-सान आहेत. तुम्ही हो म्हणालात तरच शेल्फवर ठेवीन.”

हो म्हणालो.

का म्हणालो? घाबरून, असं लिहिणार होतो. तसं नाही. मान मिळाला म्हणून. इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलं नव्हतं. एका जपानी माणसाने, जपानी बिअरबद्दल. फोन ठेवल्यावर दोन मिनिटं चक्क बरं वाटत होतं.

शुक्रवार, २९ सप्टेंबर

फोरमवर नवा वाद – जपानच्या लहान ब्रुअऱ्यांनी मोठ्यांसारखी फिकी बिअर काढावी की कडू. चौघांनी माझं मत मागितलं. लिहिलं नाही. काही चाखावंसंही वाटत नाही.

सोमवार, २ ऑक्टोबर, दसरा

जेवणानंतर शुभाला सांगितलं. सगळं, क्रमाने. ती भांडी डिशवॉशरमध्ये लावत होती, थांबली नाही.

“तारीख चुकली. चुकते माणसाची.”

मला हायसं वाटलं.

“पण पुठ्ठा कुठून आला?”

मी म्हटलं, तारीख वाचली की मन तयार होतं, मग जिभेला–

“म्हणजे नव्हताच.”

“नसावा.”

तिने डिशवॉशर बंद केलं. “आणि वीस वर्षं माझ्या आमटीत जे काय काय लागतं तुम्हाला? गूळ आधी पडला, चिंच जुनी, फोडणी करपली. तेही कुठली तारीख वाचून?”

हसत म्हणाली, पण नुसतं हसत नाही. मग म्हणाली, “त्यांना सांगा. ते बिचारे जीभ गेली समजून बसलेत.”

शनिवार, ७ ऑक्टोबर

बैठक. ग्लास भरायच्या आधीच सांगून टाकलं.

यतीन खुर्चीत मागे पडून हसला. “मी म्हटलं होतं साल आधी! म्हटलं होतं की नाही? जन्मायचीय म्हणे.” बराच वेळ त्याचं चाललं. मी ऐकून घेतलं. हक्क होता त्याचा.

प्रल्हाद हसला नाही. ग्लास हातात फिरवत राहिला. “पण राजाराम, मला लागला होता रे पुठ्ठा. खरंच लागला होता.”

“मी सांगितल्यावर.”

“हो. तू सांगितल्यावर.” मग म्हणाला, “मग ती ओसाकाची चिक्की? तीही मला कुणी सांगितली होती का, आता आठवत नाही.”

जपानच्या बिअरवर आज कुणी काही बोललं नाही. प्रल्हादच्या बायकोने खाली चिवडा पाठवला, तो संपवून उठलो.

घरी येऊन फोरमवर लिहिलं. तारीख कशी वाचली, घोट आधी नव्हता, दुकानदाराची काही चूक नाही, बिअर ताजी होती. लगेच रिप्लाय – होतं असं, मोठ्या मनाने कबूल केलंत. काहींनी तर स्तुतीच केली. कसंसंच झालं. ज्यांना पुठ्ठा आठवला होता त्या तिघांपैकी कुणी आलं नाही.

हायाशीसान फोरम वाचतात. मला तिथेच थांबता आलं असतं. तोच विचार होता, लिहून ठेवतो.

रविवार, ८ ऑक्टोबर

नोव्हीला गेलो. तांदळाच्या पोत्यांजवळ उभ्याने सांगितलं. गाडीत इंग्रजी वाक्यं जुळवली होती, एकही आठवलं नाही. तारखेचं सांगितलं. मग हेही सांगितलं, की त्या दिवशी इथेच, हे कॅलेंडर पाहून मला कळलं होतं, आणि तरी मी उष्णतेचं बोललो. आणि फोनवर हो म्हणालो.

शेल्फवर आता सोया सॉसच्या बाटल्या मांडल्यात.

त्यांनी एकच विचारलं. “पुठ्ठ्याची चव नव्हती?”

“नव्हती.”

“अजिबात?”

“तुम्हाला लागली नाही ना? मग नव्हती.”

ओतलेल्या मालाची भरपाई देतो म्हणालो. न ऐकल्यासारखं केलं. वाकले – या वेळी जेवढ्यास तेवढं – आणि आत गेले. मी थांबलो. एक बाई मुळे घेऊन गल्ल्याशी आल्या, घंटी वाजवली. आतून त्यांची सून आली. ते आले नाहीत.

बुधवार, १८.१०.११

हायाशीसानचा फोन. नमस्कार नाही, नाव नाही. म्हणाले, “एक ठेवली होती. ओतवली नाही.”

झाकण उघडल्याचा आवाज आला. ओतल्याचा. मग घोट घेतल्याचा.

“ताजी आहे,” म्हणाले. हळू, स्वतःशीच. आणि फोन ठेवला.

मला काय वाटतं, ते विचारलं नाही.