होडीचं कापलेलं टोक

मंगळवार, संध्याकाळ, दिघी

अहो मुख्याध्यापिका मॅडम, ऐका तर! शाळेत तोंडावर बोललो नाही, म्हणून लिहायला घेतलेली कथा अर्धी टाकून इथे डायरीत भांडतोय. कोड न लिहिता आयत्या साच्यात पान बनवून देणाऱ्या वेबसाइट बिल्डरने दोन तासांत सगळ्या पोरांची पानं तयार झाली, मान्य. कोडिंगला निम्मी पोरं पेंगायची, तेही मान्य. म्हणून कोडिंगचा तासच बंद? मग आठवीतल्या नाझनीनचं काय?

तिने आपल्या पानावर स्वतःच्या फोटोच्या जागी घरच्या होडीचा फोटो लावला. बिल्डरच्या गोल चौकटीत होडीचं रंगवलेलं टोक कापलं गेलं.

"सर, टोक नसेल तर कुवेतला अब्बा वळखणार न्हाय. चौकोनी करा ना."

"यात होत नाही गं."

"मग हा गोल केला कोणी? त्याला सांगा!"

कोडिंगच्या तासाला असं कधी कोणी विचारलं नव्हतं. बिल्डर नसता तर तिने तरी विचारलं असतं का? म्हणजे आधी बिल्डर, मग चौकट मोडायला कोड? बघायला हवं. ते टोक काही डोक्यातून जात नाही.

उद्या लॅबची चावी उचलणार, आणि तुम्ही "कशाला?" म्हणायच्या आत नाझनीनला हाक मारून निघणार.