पाठवायचे बाकी : एक

प्रिय शहाणोबा,

हाताने लिहिलेलं पत्र पाहून हसशील. हस. फोनवर तू मला गोड बोलून गुंडाळतोस, कागदाला ते जमत नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन छान झालं. काल ती काठी घेऊन खिडकीपर्यंत गेली आणि तिथून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना नावं ठेवून आली. म्हणजे आता काळजी नाही.

तिच्यापाशी बसल्यावर तुझ्या लहानपणीचे पराक्रम निघतातच. शिवणवाल्या मावशींना ‘मापं चुकलीत, कापड कापू नका’ असं सांगायला तिने तुला धाडलं आणि तू वाटेत गोट्या खेळत बसलास. निरोप तोंडपाठ होता, एक शब्द इकडचा तिकडे नाही, पण तू पोचलास तोवर कात्री चालून गेली होती. तेव्हापासून आई ‘सांगितलंस का’ विचारत नाही, ‘पोचलं का’ विचारते.

तू आमच्या कंपनीचं अ‍ॅप केलंस तेव्हा मी गावभर मिरवले होते. सगळं ऑनलाइन, इथे बोट लावलं की ऑफिसात दिसलं. पण लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचं निम्मं काम तळघरात, आणि तिथे रेंज औषधालाही नाही. पडद्यावर चक्र फिरत राहायचं. उस्ताद म्हणायचे, यापेक्षा माझी वही बरी, निदान उघडते तरी. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकतेय, त्यांचं ऐकून तुझ्या मागे लागले आणि तू कुरकुरत ऑफलाइनची सोय केलीस. खाली भरायचं, वर आलं की आपोआप जायचं. त्यावर उस्तादांनी स्वतःचा नियम काढला: ‘पाठवायचे बाकी’समोर शून्य दिसल्याशिवाय इमारतीचं फाटक ओलांडायचं नाही. भर उन्हात फोन उंच धरून उभे राहायचे. मी त्यांची किती टिंगल केली असेल!

गेल्या आठवड्यात सोमवारी सहा मजली इमारतीच्या तळघरात त्यांनी ब्रेक पाहिला. पार झिजलेला. ते सांगत गेले, मी माझ्या कामाच्या फोनवर भरत गेले, ‘लिफ्ट बंद ठेवा’. वर येऊन लिफ्ट बंद केली, दारावर पाटी लावली. तेवढ्यात उस्तादांच्या फोनवर दुसरीकडे लिफ्टमध्ये माणसं अडकल्याचा निरोप आला आणि ते धावले, जाताना ‘शून्य बघूनच नीघ’ असं बजावून. फोनची बॅटरी संपत आली होती म्हणून मी खालीच एरोप्लेन मोड लावला होता. वर आल्यावर तो काढायचा राहिला. दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन, डोकं तिथे. दोन दिवसांची रजा, आणि फोन पिशवीत मेलेला.

बुधवारी इमारतीच्या रखवालदाराने ऑफिसात विचारलं, लिफ्ट चालू करू का. ऑफिसच्या पडद्यावर मागच्या महिन्याचं ‘ठीक’ होतं, आणि ते मागच्या महिन्याचं आहे हे पडदा सांगत नाही. ऑफिसने हो म्हटलं आणि पाटी निघाली. लिफ्ट दोन मजले घसरली आणि आतल्या एका शिक्षिकाबाईंचे दोन्ही घोटे मोडले. आता कंपनी म्हणते, उस्तादांनी कळवलंच नाही. निवृत्तीला त्यांचं एक वर्ष उरलंय. ते मात्र माझं नाव घेत नाहीत.

त्या बुधवारी संध्याकाळी तू आईच्या फोनवर म्हणालास, ऑफलाइनमुळेच घोळ होतात, नव्या आवृत्तीत ते काढतोय, तू एकदा नेट चालू कर, अडकलेलं सगळं साफ होईल. कंपनीच्या साहेबांनी तुला तसं बोलायला लावलं, हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. अरे, ऑनलाइनला खालचं दिसत नाही आणि ऑफलाइनचं वर पोचत नाही, दोन्ही अर्धे आहेत. ऑफलाइन काढू नकोस. अडकलेल्या नोंदीला बोंब मारायला शिकव.

आता मुद्द्याचं. फोन मी चार्ज केलाय, नेट चालू केलेलं नाही, केलं की तुझी नवी आवृत्ती ती नोंदच पुसेल. आईच्या शालीत गुंडाळून कपाटात ठेवलाय. ‘पाठवायचे बाकी : एक’ अजून तसंच आहे. या शुक्रवारी सकाळी दहा वाजता चौकशी आहे. तिथे मी तो टेबलावर ठेवणार आणि चूक माझी, उस्तादांची नाही, हे सांगणार. माझी नोकरी जाईल, ते मी धरून चाललेय. पण कंपनीवाले म्हणतील, ही नोंद बाईने मागाहून भरली. ती सोमवारीच भरली हे फोनच्या आत पाहून सांगू शकणारा तू एकटा आहेस. तुझीही नोकरी तिथेच आहे, मला ठाऊक आहे. तरी ये. नाही आलास तरी मी जाणारच आहे. पत्र मिळालं की आईला फोन कर, माझं अजून लिहून झालं नाही तोवर तिने दोनदा विचारलंय, पोचलं का?

तुझीच,
ताई