खिंडीवरून उतरताना

७ जून

दम लागणं म्हणजे काय ते आज कळलं. अजिंक्यतारा न थांबता चढणारी बाई मी, आणि इथे बुटांच्या नाड्या बांधायला वाकले तरी धाप!

हिमाचलात केलाँगच्या पुढचं हे गाव. सकाळी निघायचं, डोंगरात वर जायचं, दिवे लागायच्या आत परत याच घरी मुक्कामाला. तंबू नाहीत, पाठीवर मोठं ओझं नाही. निघताना ह्यांना म्हणाले होते, रोज जाऊन रोज यायचं, सहलच ती. हे फौजेत असताना असल्याच डोंगरांत हिवाळे काढून आलेत. नुसतं हसले.

आज हिरव्या तळ्यापर्यंत गेलो. शेवटचा चढ सगळा सुट्या दगडांचा. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली घसरायचं. स्वप्नाली पुढे, मी मागे. मध्येच वळून तिने माझ्या तोंडात खडीसाखर टाकली, लहान पोराच्या टाकावी तशी. साताऱ्याला होस्टेलवर एका खोलीत होतो आम्ही. ती लग्न होऊन सांगलीला गेली, मी साताऱ्यातच राहिले. मधली सगळी वर्षं वासोटा, सज्जनगड, जरंडेश्वर — कुठेही जायचं तर दोघींनी.

ग्रुप ऋषिराजचा. सांगलीचाच पोरगा, पस्तिशीतला, चटपटीत. त्याचा नियम एकच. जोडीने चालायचं, जोडीदार दिसेनासा झाला की थांबायचं. आमची जोडी विचारायलाच नको!

१० जून

डोकं जड. स्वप्नालीचं जास्तच. म्हणाली, "ऋषिराजला सांगू नकोस. खिंडीला नेणार नाही तो." नाही सांगितलं.

१२ जून

पाय ठणकतोय. तरी लिहिते. आज लिहिलं नाही तर उद्या मीच म्हणेन, असं काही झालंच नाही.

खिंड गाठली. पंधरा हजार फुटांच्या वर! वर दोऱ्यांना बांधलेल्या पताका वाऱ्याने फाटायला आलेल्या आणि पलीकडे नुसते पांढरे डोंगर. स्वप्नाली माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. एवढा आनंद शेवटचा कधी झाला होता आठवत नाही.

मग पलीकडून ढग आला. बघता बघता गारा. ऋषिराजने सगळ्यांना लगेच उतरायला लावलं. गावातला वाटाड्या लोबसांग सर्वांत पुढे. कराडच्या एका गृहस्थांच्या गुडघ्याची वाट लागलेली, त्यांना धरून ऋषिराज मध्ये. आम्ही दोघी सरावाच्या, म्हणून शेवटी.

ओल्या दगडावरून माझा पाय सटकला. घोटा असा पिळवटला की डोळ्यांपुढे अंधारी आली. मी हाक मारली. स्वप्नाली वळली. चार पावलं परत वर आली. माझ्याकडे पाहिलं — नीट पाहिलं, मी काही भ्रमात नव्हते. "चल, ऊठ," म्हणाली. हात पुढे केला. मीही हात वर केला. आणि मी तो धरायच्या आत ती वळली आणि चालू लागली.

मला वाटलं, पुढची वाट बघून येते. मग वाटलं, कोणाला तरी बोलावायला चालली. पण ती काही सांगून गेली नाही. मागे वळूनही पाहिलं नाही. मी हाका मारत राहिले. लाल जाकीट ढगात थोडा वेळ दिसलं, मग तेही नाही.

बसूनच सरकत एका दगडाच्या आडोशाला गेले. पायाची बोटं आधी दुखत होती, मग दुखेनाशी झाली. हे वाईट, एवढं ह्यांच्याकडून ऐकून माहीत होतं. बोटं हलवत राहिले. तिच्यावर चिडले म्हणून जागी राहिले असं म्हटलं तरी चालेल.

लोबसांग शोधत वर आला. कुठे पाठीवर, कुठे खांद्याला धरून त्याने खाली आणलं. वाटेत फारसं बोलला नाही. ऋषिराजने पाठवलं, एवढंच कळलं.

खोलीवर आले तर स्वप्नालीची सॅक नाही. तिला उलट्या व्हायला लागल्या म्हणून ऋषिराज तिला गाडीने मनालीला घेऊन गेला, असं घरमालकीण म्हणाली. उलट्या! मी वर दगडाआड पडलेली आणि ही गाडीत बसून मनालीला!

१३ जून

पाय भोपळ्यासारखा सुजलाय. बोटं शाबूत.

तिने हात का पुढे केला? जायचंच होतं तर तसंच जायचं.

२० जून, सातारा

ह्यांना सगळं सांगितलं. उंब्रजला उसाला पाणी द्यायचं म्हणून निघाले होते, ते पायरीवरच बसले. शेवटपर्यंत ऐकलं. "लय वाईट," म्हणाले. "जोडीदाराला टाकून येणं. पलटणीत त्याला एकच शब्द हाय." कुठला ते सांगितलं नाही. चहा तसाच ठेवून गेले.

स्वप्नालीचे फोन येतात. उचलत नाही.

२६ जून

ऋषिराजचा फोन. पाय कसा आहे वगैरे. मी सरळ विचारलं, तिला झालं काय होतं? थोडं ऊन लागलं ताई, विशेष काही नाही, म्हणाला. दवाखान्यात ठेवून घेतलं होतं, आता ठीक आहेत. मग मी सांगितलं की ती मला सोडून गेली, माझ्याकडे बघून गेली. तो म्हणाला, झालं गेलं जाऊ द्या. तो बिचारा तरी काय बोलणार. दोघीही त्याच्याच ग्रुपच्या.

७ जुलै

नको होतं जायला. सांगलीला ग्रुपने सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, फोटो. घोट्याला पट्टी बांधून गेले. मनात होतं की तीच येईल, बाजूला घेईल, चुकलं म्हणेल. मी माफ केलं असतं. खरंच केलं असतं.

ती आली. माझ्याकडे बघून हसली! फोन का उचलत नाहीस म्हणाली, डोळ्यांत पाणी. मी मान फिरवली. तेवढ्यात तिला माइकवर बोलावलं. सगळ्यांसमोर ती म्हणाली, खिंडीपेक्षा मला उतरण आठवते. विनोदिनीचा पाय मुरगळला होता, गारा लागत होत्या, पण मी तिचा हात सोडला नाही, गावापर्यंत सोडला नाही.

लोक टाळ्या वाजवत होते.

मी उठले. माइक घेतला नाही, गरज नव्हती. "ती खोटं बोलतेय," म्हणाले. "ही मला वर टाकून आली. मला लोबसांगने आणलं." टाळ्या थांबल्या. कोणीतरी ऋषिराजकडे पाहिलं. तो शाली मोजून ठेवत होता, खाली बघून.

स्वप्नालीचा चेहरा डोळ्यांपुढून जात नाही. पकडलं गेलेलं माणूस असं दिसत नाही. नाटक तरी किती करावं!

८ जुलै

राग सोडून गेल्याचा नाही. टाकून गेली, घाबरली असेल, समजू शकते. पण माझ्या त्या दुपारवर स्वतःचं नाव घालून, शाल पांघरून घेतली. ते नाही सहन होत.

१५ जुलै

स्वप्नालीच्या मुलीचा, प्रियदर्शनीचा फोन. आई घराबाहेर पडत नाही म्हणे. ग्रुपमधून तिला काढलं. शेजारणीसुद्धा विचारतात. "मावशी, आई खोटं बोलत नाही हो," पोरगी रडत होती. मी म्हणाले, मग मी बोलते का?

फोन ठेवल्यावर बराच वेळ बरं वाटलं. मग नाही वाटलं.

२२ जुलै

यवतेश्वरचा डोंगर दिवसभर ढगात. खिडकी लावून घेतली.

२९ जुलै

ती आली. सांगलीहून एस्टीने, एकटी. किती वाळली आहे. दारातच उभी राहिली, मी आत ये म्हटलं नाही.

"तू म्हणतेस तर सोडलं असेन," म्हणाली. "आता मला स्वतःचाच भरवसा वाटत नाही. पण तुझा हात आठवतो गं. हातमोजा ओला होता तुझा. तू लंगडत होतीस, मी तुला एकेक दगड दाखवत होते."

मी विचारलं, गावात पोचल्यावर मग मी कुठे गेले?

तिने आपल्या तळहाताकडे पाहिलं. "ते आठवत नाही," म्हणाली.

सोयीचं तेवढं आठवतं! दार लावून घेतलं. हे घरातच होते. मी जिन्यावरून जाणारी तिची पावलं ऐकत उभी राहिले, ते त्यांनी पाहिलं.

४ ऑगस्ट

ऋषिराज येऊन गेला. न कळवता. पाणीही घेतलं नाही. म्हणाला, मनालीच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याला सांगितलं होतं, उंचीमुळे मेंदूला सूज आली आहे, उशीर झाला असता तर बाई वाचल्या नसत्या. त्याने तिच्या घरच्यांना ऊन लागलं म्हणून सांगितलं. स्वप्नालीलाही तेच. त्याच्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही, ग्रुप बंद पडेल म्हणून गप्प बसला.

"ढगातून उतरल्या तेव्हा त्यांचा डावा हात असा बाजूला होता," त्याने करून दाखवलं. "मी विचारलं, विनोदिनीताई कुठेत? म्हणाल्या, ही काय. मला वाटलं, मागून येताय तुम्ही. पाण्याची बाटली दिली तर प्यायल्या नाहीत. शेजारी वळून म्हणाल्या, आधी तू पी, विनू."

मग तो म्हणाला, "शेजारी कोणी नव्हतं, ताई."