रिकाम्या गावाची चावी

प्रिय मिहीर,

'प्रिय' सनोबरने लिहिलं आहे. मी दुसरा शब्द सांगितला होता, पण ती शाळेत शिकवते, तिचा हात तसल्या शब्दांवर चालत नाही. माझं मालवणीही ती वाटेत धुऊन-पुसून घेते आहे. तेव्हा या पत्रात कुठे मी सुधारलेली वाटले तर घाबरू नकोस, तो दोष शेजारणीचा. शिव्या तेवढ्या माझ्या. त्या तिने जिथे गाळल्या असतील तिथे तू आठवणीने भरून घे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तुझ्याशी बोलायची आता भीती वाटते रे. मागे मी पेजेबद्दल दोन शब्द बोलले, ते तू रेकॉर्ड केलंस, मागे बासरी लावलीस आणि जगाला ऐकवलंस. खाली लिहिलंस, 'आजीचं शहाणपण'. मी त्यात एवढंच म्हणत होते की तांदूळ जुना निघाला म्हणून पेज फसली. त्यावर केवढ्यातरी लोकांनी हात जोडले म्हणे. फसलेल्या पेजेला हात जोडणारी माणसं तुझी गिऱ्हाइकं आहेत, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पत्राला बासरी लावता येत नाही, म्हणून पत्र.

तुझी नवी जाहिरात सनोबरने दोनदा वाचून दाखवली, कारण पहिल्यांदा मला वाटलं ती माझी थट्टा करते आहे. 'गावपळणीत रिकाम्या झालेल्या गावात मुक्काम करा. माणसांविना गाव कसं बोलतं ते ऐका. शाश्वत पर्यटन, स्थानिकांच्या सहभागातून.' शाश्वत म्हणजे काय, मी विचारलं. कायम टिकणारं, म्हणाली. बरं. स्थानिक म्हणजे आम्ही. मग आमचा सहभाग कुठला? तर आम्ही निघून जायचं! वा रे माझ्या राजा. पाहुणे आले की आम्ही आपल्याच घरात भिंतीला चिकटून चालतो, हे अंगवळणी पडलं होतं. आता गावाबाहेरच जायचं, आणि तुझे पाहुणे आमच्या ओटीवर बसून आमचं नसणं ऐकणार.

मी काही पाहुण्यांच्या वाईटावर नाही. चार माणसं जेवून गेली तर घराला बरंच वाटतं. पण तू त्यांच्यासाठी माझ्या घराचं जे केलंस ते आठवलं की अजून हसू येतं, आणि हसून झालं की दुसरं काहीतरी येतं. माझा मिक्सर तू चादरीखाली दडवलास आणि मला रगड्याशी बसवलंस. माझ्या सासूची मनगटं त्या रगड्याने मोडली. मिक्सर घरात आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, तुला काय माहीत. सोलकढी तू करवंटीतून दिलीस. आमच्याकडे दारात आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा वाटीतून देतात रे. त्या बायका करवंटी दोन हातांत धरून 'किती अस्सल' म्हणत होत्या आणि मी आत तोंडाला पदर लावून बसले होते. प्लॅस्टिकची खुर्ची दिसायला नको म्हणून गोठ्यात गेली. मागच्या दाराच्या पायऱ्यांवरचा दिवा काढून तिथे कंदील टांगलास, त्यानं म्हणे जुना काळ दिसतो. जुन्या काळात काही दिसायचं नाही, म्हणून तर आम्ही दिवा घेतला.

आणि दशावतार! रात्रभर चालणारं नाटक तू जेवणाआधी अर्ध्या तासात बसवलंस. राक्षस आला, नाचला, मेला, आणि पाहुणे मासे खायला उठले. तो राक्षस म्हणजे आपला बाळा, सुताराचा. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "काकी, इतक्या लवकर मी जल्मात कधी मराक नाय." त्या पोराचं तोंड पडलं होतं. मरायच्या आधी त्याचं जे भाषण असतं, ज्यासाठी गाव जागा राहतो, तेच तू कापलंस. गावातली माणसं राक्षसाला मरताना बघायला येत नाहीत, तो मरायच्या आधी काय बोलतो ते ऐकायला येतात. तू पण लहानपणी त्याच्यासाठीच जागा राहायचास.

पाहुण्यांतली एक पोरगी तेवढी मला आवडली, भार्गवी. पहिल्याच दिवशी मागच्या दाराने आत आली आणि ताट कुठे घासू विचारलं. मग माझ्याबरोबर कोकमं फोडत बसली. बोटं लालभडक झाली तरी उठली नाही. जाताना म्हणाली, आजी, घरी जाऊन लोकांना काय सांगू? मी म्हटलं, बोटं दाखव. ती तुझ्या जाहिरातीत कुठेच नाही. साहजिक आहे, तिने कसलाच फोटो काढला नाही.

आता गावपळणीचं. तू तिला 'प्राचीन गूढ प्रथा' म्हणतोस. त्यात गूढ ते काय? काही वर्षांनी रवळनाथ कौल देतो, देवळात नौबत वाजते, आणि सगळा गाव तीन रात्री शिवेबाहेर जाऊन राहतो. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या, कुत्री, सनोबरच्या सासूची बोकडं, सगळी. देवळाकडची घरं आणि मशिदीकडची घरं माळावर एकाच ओळीत झोपड्या घालतात. गाव देवाचा, आपण भाडेकरू. अधूनमधून मालकाला जागा मोकळी करून द्यायची, एवढीच गोष्ट. तू खोल्या भाड्याने देण्याच्या धंद्यात आहेस, तुला तर हे सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. मालकाने घर रिकामं मागितलं की भाडेकरूने आत पोटभाडेकरू ठेवायचे नसतात.

आणि तारखा तू देवाच्या आधी ठरवल्यास! गेल्या खेपेला मार्गशीर्षात अमुक दिवशी झाली, म्हणजे या खेपेलाही तेव्हाच होणार, असा हिशोब करून पाहुण्यांना कळवून मोकळा झालास. इकडे गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या. तुझ्या दिवसाची पाकळी डावीकडे पडली, म्हणजे देव नाही म्हणाला. पुन्हा लावली, पुन्हा डावीकडे. मग पौर्णिमेनंतरच्या दिवसाचं विचारलं, तर उजवी पाकळी अशी टपकन पडली की गुरवाने हात पण काढला नव्हता. सनोबरचा नवरा अंगणात उभा होता, त्याने येऊन सांगितलं. मग तू जयरामला फोन केलास, तो देवस्थानचा मानकरी म्हणून, आणि तारीख थोडी मागे-पुढे होईल का विचारलंस. जयराम माझ्याकडे येऊन ओटीवर बसला आणि पोट धरून हसला. "काकी, तुमचो नातू माका तारीख बदलूक सांगता. मी म्हटलंय, देव काय तुझ्याकडे नोकरेक आसा?" मी पण हसले. तो गेल्यावर मात्र मला लाज वाटली. हाच माझा नातू लहानपणी देवळाच्या पायरीवर बसून कौल बघायचा, श्वास रोखून, हे मला आठवत होतं.

तुला तुझी पहिली पळण आठवते? चार-पाच वर्षांचा होतास. तुझा बाप नोकरीवर, आई माहेरी गेलेली, तू माझ्या गळ्यात. नौबत वाजली आणि तुझी मांजर सापडेना. तू चुलीपाशी आडवा पडून किंचाळायला लागलास, "माका खंय जावचा नाय!" सगळी वाडी व्हाळापलीकडे पोचली, आपण दोघं मागे. जयरामचा बाप पलीकडून हाका मारत होता, कारण एक माणूस जरी आत राहिलं तरी गाव रिकामा झाला असं होत नाही आणि सगळ्यांचं बाहेर राहणं फुकट जातं. शेवटी मांजर तांदळाच्या कणगीत सापडली. एका हाताने ती आणि कडेवर तू, असा मी व्हाळ ओलांडला. पाणी मांडीपर्यंत होतं. मांजरीने मला ओरबाडलं आणि तू माझ्या खांद्यावर मुतलास. पलीकडे सगळा गाव उभा राहून हसत होता. तीन रात्री तू त्या झोपडीत असा रमलास की परतीचा कौल झाला तेव्हा पुन्हा किंचाळलास, "माका घराक जावचा नाय!" तुझ्या जाहिरातीत यातलं काहीच नाही. ते लिहिलं असतंस तर मी पण आले असते पैसे भरून.

या खेपेची तयारी जोरात आहे असं ऐकते. ऐकते म्हणजे सनोबर येऊन सांगते. माळावर झोपड्यांसाठी माडाची झापं पडली आहेत, वाश्यांना काथ्या बांधून झाला. आमच्या जागेवर अजून काही नाही. जयराम परवा पुन्हा आला होता. या वेळी हसला नाही. खाली बघून म्हणाला, "काकी, तुम्ही हंयच रवा. देवाक सगळा समाजता." मी म्हटलं, "मगे गाव रिकामो खंय झालो?" मग म्हणाला, रिक्षा करून हमरस्त्याने वळसा घालून नेतो. म्हटलं, तुझ्या आजीला खुर्चीला वासे बांधून नेली होती, ती काय रिक्षातून गेली? तर म्हणाला, तेव्हा उचलायला घराघरात माणसं होती, काकी. आता पोरं गोव्याला आहेत, नाहीतर किल्ल्यापाशी होड्यांवर, पर्यटकांना मासे दाखवायला पाण्यात बुडवायला. बोलून गेला आणि जीभ चावली. म्हातारं माणूस ज्या घरचं त्या घरानेच उचलायचं असतं, हे त्यालाही ठाऊक आहे. आणि आपलं घर म्हणजे आता तू आणि मी, एवढंच उरलं आहे.

तू विचारशील, उचलायला काय झालं? गणपतीला तर मी चांगली चालत होते. चालत होते खरी. तू गेलास, त्यानंतर एका संध्याकाळी मागच्या दाराने तुळशीकडे निघाले. तुझा तो कंदील. पाहुणे त्याच्याकडे बघत बसतात असं तू म्हणायचास. मी पण बराच वेळ बघत होते, खालून, पायरीशी पडल्या पडल्या. सनोबर येईपर्यंत. जुना काळ खरंच दिसतो रे त्यात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, कुडाळला. तुला कळवायचं नाही अशी मी सगळ्यांना शपथ घातली होती, म्हणून कुणावर ओरडू नकोस. कळलं असतं तर तू धावत आला असतास, रडला असतास, आणि मग त्या रडण्यामागे कुणीतरी बासरी लावली असती. आता गोठ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची परत आणली आहे. दिवसभर तिच्यावरच असते. पायऱ्यांवर दिवा लावून घेतला आहे.

तर तू जयरामकडे निरोप ठेवलास की पाहुण्यांसाठी घराची चावी पाठवा. या घराला चावी कधी होती, मिहीर? तुझ्या खोल्यांना तू कुलपं लावलीस ती तुझी. थोरल्या दाराला आतून अडसर आहे, तो आत माणूस असेल तरच लागतो. पळणीच्या दिवशी दार नुसतं ओढून घेतात. ते ओढून घ्यायला आणि त्याआधी मला बाहेर काढायला तू ये. पाहुण्यांना खरी तारीख कळव. ज्यांना यायचं असेल ते आमच्याबरोबर माळावर येऊ देत, झापं विणू देत, आम्ही खातो ते वाटीतून खाऊ देत, आणि बाळा त्यांना रात्रभराचा राक्षस दाखवील. जयरामची हरकत नाही. त्याची अट एवढीच की "जो फोटो काढतलो, तेना आधी एक कोंबडी धरूची." भार्गवीला मात्र तू स्वतः विचार. पण ही सगळी मागाहूनची गोष्ट. आधी तू एकटा ये, नौबत वाजायच्या आदल्या दिवशी. मी आता फार जड राहिलेले नाही. खुर्चीसकट उचल नाहीतर कडेवर घे, व्हाळात पाणी या दिवसांत गुडघ्याएवढंच असतं. पलीकडे गाव उभा राहून हसेल, त्याला हसू दे. मांजर नाही, ओरबाडणार कुणी नाही. तुझ्या खांद्याचं मात्र मी काही सांगू शकत नाही, तुझं माझ्याकडे एक येणं आहे.

अडसर काढून ओटीवर बसलेली,

तुझीच आजी
शेवंती

(हे खाली सनोबर लिहिते आहे. काकींनी मला रडायला बंदी घातली होती. मिहीरभाऊ, लवकर या.)