द्राक्षाच्या बिया आणि माझं हाड

२ मार्च, सकाळी ७.
डाव्या गुडघ्याखालच्या हाडात गाठ. कॅन्सरची. सर्जन म्हणतात, वीस तारखेला हाडाचा तुकडा काढून धातूचा बसवू. मी नाही म्हटलं. माझी सून प्रयोगशाळेत द्राक्षाच्या बियांच्या अर्कापासून नॅनोकण बनवते, ते थेट हाडाच्या कॅन्सरवर जातात. घरात औषध असताना सुरी कशाला?

४ मार्च.
सून म्हणाली, आई, ते अजून उंदरांवरच चाललंय. म्हटलं, म्हणजे आधी उंदीर, मग सासू? हे पेपरामागे हसले. हसा. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. स्वतः बनवीन.

७ मार्च.
तीन किलो द्राक्षं आणली. ह्यांना खायला बसवलं, बियांसाठी वाटी दिली. दुसऱ्या किलोला कुरकुरले. संशोधनाला त्याग लागतो.

८ मार्च.
बिया कॉफीच्या ग्राइंडरमध्ये सात वेळा दळल्या. नायलॉनच्या मोज्यातून चाळल्या. बोटाला कण लागत नाही, म्हणजे नॅनोच. दोन वेळा एकेक चमचा. चव भुशाची. गोड औषधाचा मला संशयच येतो.

११ मार्च.
सूज टेपने मोजते. आठ तारखेला ३८ सेंटीमीटर, आज ३७. मोजमाप म्हणजे शास्त्र.

१४ मार्च.
३६! टेप जरा ओढून धरावी लागते. ठणका वाढलाय, औषध आत पोचलं. ऑपरेशन रद्द करायला फोन केला. नर्सबाई म्हणाल्या, स्वतः येऊन सही करा. जिना उतरता आला की जाईन.

१६ मार्च.
सुनेला पुडी दिली. म्हटलं, तुमच्या मशीनवर मोज आणि लाज.

१७ मार्च, संध्याकाळ.
मशीनने मोजायलाच नकार दिला म्हणे. आई, हा रवा आहे, आमच्या कणांच्या हजारपट मोठा. मग माझ्या हातून टेप घेतली, न ओढता मोजलं. ४०. मान वर करेना. म्हटलं, रडायचं तर स्वयंपाकघरात जा. गेली. मागोमाग हेही गेले.

१९ मार्च, दुपारी ३, हॉस्पिटल.
सही केली, ऑपरेशनच्या संमतीवर. ही माघार नव्हे. काढलेलं हाड सुनेच्या प्रयोगशाळेला द्यायचं, अशी अट घातली. उंदरांवर किती दिवस भागवणार? सर्जन म्हणाले, तपासणीतून उरलं तर बघू. म्हटलं, लेखी द्या. त्यांनी पेन काढलं आणि माझ्या नडगीवर बाण काढला. विचारलं, हाच ना पाय?
हो म्हटलं. हाच.